दोन सॉकेटचा बोर्ड: कोणता प्रोसेसर चालतो, किती पळतो

दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात अमुक प्रोसेसर बसेल का?" या प्रश्नाला 'हो' असे उत्तर मिळाले तरी काम संपत नाही. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे, बोर्डाने त्याला ओळखून सुरू करणे, शेजारच्या प्रोसेसरशी त्याचे जुळणे आणि कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे तो नेता येणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर पैसे मोजून तिसऱ्या पायरीवर अडकलेली माणसे बरीच असतात.

हा विषय आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे, त्याला कारण बाजार. डेटा सेंटरमधून आणि स्टुडिओंतून निवृत्त झालेले सर्व्हर, वर्कस्टेशन आणि त्यांतून काढलेले झिऑन प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आणि ऑनलाइन दुकानांत मूळ किमतीच्या अगदी छोट्या अंशात मिळतात. ॲनिमेशन शिकणारे विद्यार्थी, व्हिडिओ एडिटिंग करणारे, सिम्युलेशन चालवणारे संशोधक यांना दोन प्रोसेसरचे जुने यंत्र खरोखर परवडते. पुण्याच्या सी-डॅकने २०१३ मध्ये उभारलेल्या 'परम युवा २' या महासंगणकात इंटेलचे झिऑन ई५-२६७० हे प्रोसेसर होते. त्याच मॉडेलचे आठ कोअरचे प्रोसेसर पुढे जगभर सेकंडहँड बाजारात ढिगाने आले. अशा यंत्राविषयीची चर्चा मात्र लगेच ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे प्रोसेसरचे घड्याळ ठरलेल्या वेगापुढे नेण्याकडे, वळते. माझे मत स्पष्ट आहे. २०१२ नंतरच्या दोन सॉकेटच्या बोर्डांवर वेग मिळतो तो प्रोसेसरची जोडी विचारपूर्वक निवडण्यातून; घड्याळ वाढवण्यातून मिळणारा वेग जवळजवळ नगण्य आहे. असे का झाले, हे इतिहासातूनच कळते.

पेंटियमच्या काळात दोन्ही प्रोसेसर एकाच बसवर बसत. बस कोणी कधी वापरायची हे ठरवण्यासाठी प्रत्येकाला स्वतःची मागणीची तार लागे, आणि इंटरप्ट वाटून घेण्यासाठी एपीआयसी नावाची यंत्रणा लागे. इंटेलने १९९४ मध्ये यासाठी मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन प्रसिद्ध केले आणि पुढे त्याची १.४ ही आवृत्ती आली. यंत्र चालू झाले की दोघांपैकी एक 'बूटस्ट्रॅप प्रोसेसर' होतो, बायॉस तो चालवतो आणि मग दुसऱ्याला जागे करतो. जोडीतल्या प्रोसेसरांचे स्टेपिंग, म्हणजे त्याच डिझाइनची सुधारित आवृत्ती, वेगवेगळे असेल तर खालच्या स्टेपिंगचा प्रोसेसर बूटस्ट्रॅपच्या जागी हवा, हा नियम तेव्हापासूनचा. बसचा वेग, प्रोसेसरचा वेग आणि कॅशे मात्र दोन्हींत सारखेच लागत.

हौशी लोकांना हे जग उघडले ते सेलेरॉनमुळे. इंटेलला सेलेरॉन स्वस्त आणि एकट्याने चालणाऱ्या पीसीपुरता ठेवायचा होता. म्हणून स्लॉट १ च्या सेलेरॉन कार्डवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी लागणारी बस-मागणीची तार जोडलेलीच नव्हती. आतल्या चिपमध्ये क्षमता होती, बाहेर वाट नव्हती. जपानमधल्या हौशी मंडळींनी कार्डला भोक पाडून, बारीक तार डाखवून ती वाट काढली. मग १९९९ मध्ये तैवानच्या एबिट कंपनीने बीपी६ हा बोर्ड आणला. त्यावर दोन सॉकेट ३७० होते आणि ही जोडणी बोर्डावरच केलेली होती, त्यामुळे प्रोसेसरला हात न लावता दोन सेलेरॉन एकत्र चालू लागले.

बीपी६ वरचे ओव्हरक्लॉकिंग इतके यशस्वी का झाले, हे आजही शिकण्यासारखे आहे. सेलेरॉन ३००ए चा गुणक ४.५ आणि बस ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून वेग ३००. बस १०० केली की तोच प्रोसेसर ४५० वर. ३६६ मेगाहर्ट्झच्या सेलेरॉनचा गुणक ५.५, तो १०० च्या बसवर थेट ५५० ला जाई. या प्रोसेसरची १२८ किलोबाइटची दुय्यम कॅशे चिपच्या आतच होती आणि प्रोसेसरच्याच वेगाने चालत होती. पेंटियम २ ची कॅशे वेगळ्या चिपांत होती आणि वेग वाढवताना त्या चिपा आड येत. तरीही खरी मेख बोर्डात होती. त्यावरचा ४४०बीएक्स चिपसेट मुळातच १०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला. बस १०० वर नेली तरी चिपसेट, रॅम, ग्राफिक्स कार्डचा एजीपी आणि पीसीआय सगळे आपापल्या मर्यादेतच राहत. मर्यादेबाहेर जात होता तो फक्त प्रोसेसर. तीच बस १३३ वर नेली की एजीपी ६६ ऐवजी ८९ मेगाहर्ट्झवर जाई आणि कोणत्या क्षणी कोण बिघडेल याचा भरवसा उरत नसे. एका वेळी एकच भाग मर्यादेबाहेर न्यायचा, ही शिस्त तिथून आली आणि दोन प्रोसेसरच्या बोर्डावर ती दुप्पट लागू आहे.

बीपी६ मुळे आणखी एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. विंडोज एनटी, विंडोज २०००, लिनक्स किंवा बीओएस घातल्याशिवाय अर्धे यंत्र झोपलेले. त्याच वर्षी आलेल्या 'क्वेक ३ अरीना' या गेममध्ये दोन प्रोसेसर वापरण्याची सोय होती, पण असे सॉफ्टवेअर विरळाच. पुढे कॉपरमाइन पिढीचे सेलेरॉन आले. त्यांच्याही सॉकेटचे नाव ३७० च होते, पण पिनांची मांडणी बदलली होती आणि जोडीने चालण्याची क्षमताही काढलेली होती. सॉकेटचे नाव एक म्हणून प्रोसेसर चालेल, हा समज तेव्हापासून आजवर लोकांना नडतो आहे.

एएमडीने २००१ मध्ये ॲथलॉन एमपी आणि ७६०एमपी चिपसेट आणला. इथे दोन्ही प्रोसेसरना चिपसेटपर्यंत स्वतंत्र बस मिळाली, इंटेलसारखी वाटून घ्यावी लागली नाही. ॲथलॉन एक्सपी आणि एमपी यांची आतली चिप एकच. फरक वरच्या एल५ नावाच्या सूक्ष्म जोडांचा, जे लेसरने कापलेले असत. विद्युतवाहक रंगाने ते पुन्हा जोडले की स्वस्त एक्सपी स्वतःला एमपी म्हणवू लागे. कारागिरी म्हणून मला तिचे कौतुक आहे, पण ज्या यंत्रावर कोणाचे काम अवलंबून आहे तिथे असा प्रोसेसर घालू नये. कंपनीने जोडीसाठी तपासलेला आणि न तपासलेला, यांत एल५ च्या रेघेपेक्षा जास्त अंतर असते.

मग पायाच बदलला. २००३ मध्ये ऑप्टेरॉनने आणि २००९ मध्ये इंटेलच्या झिऑन ५५०० मालिकेने रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या आत नेला. प्रत्येक सॉकेटची रॅम वेगळी, आणि दोन सॉकेटना जोडणारा दुवा वेगळा: एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये हायपरट्रान्सपोर्ट, इंटेलमध्ये आधी क्यूपीआय आणि २०१७ पासून यूपीआय. सुसंगततेचा मुख्य प्रश्न इथून पुढे एकच झाला: या प्रोसेसरला शेजाऱ्याशी बोलणारा दुवा दिलेला आहे का? कोअर आय७-९२० आणि झिऑन एक्स५६५० दोघेही एलजीए १३६६ सॉकेटमध्ये बसतात. पण आय७ ला क्यूपीआयचा एकच दुवा आहे आणि तो चिपसेटशी बोलण्यात जातो. झिऑनला दोन आहेत. म्हणून दोन आय७ ची जोडी कितीही खटपट केली तरी होत नाही. ही अडचण बायॉसने सुटणारी नाही.

सुदैवाने हा दुवा प्रोसेसरच्या क्रमांकात वाचता येतो, आणि खरेदीआधी तो वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. जुन्या ऑप्टेरॉनमध्ये पहिला अंक १ म्हणजे एकटा, २ म्हणजे जोडी, ८ म्हणजे आठपर्यंत. झिऑन ई५ मध्ये उपरेषेनंतरचा पहिला अंक सॉकेटची संख्या सांगतो: ई५-१६५० एकट्याने चालणारा, ई५-२६७० जोडीचा, ई५-४६५० चौघांचा. एएमडीच्या एपिक मालिकेत क्रमांकाच्या शेवटी 'पी' असेल तर तो एका सॉकेटसाठीच आहे. झिऑन स्केलेबलमध्ये हेच काम 'यू' करतो. पी आणि यूवाले प्रोसेसर बाजारात स्वस्त दिसतात, आणि दोन घेतले तर आणखी सूट मिळते म्हणून लोक जोडी उचलतात. क्रमांकातले शेवटचे अक्षर आधी वाचावे.

सॉकेटच्या आकड्यातही सापळे आहेत. एलजीए २०११ मध्ये ई५ ची पहिली आणि दुसरी आवृत्ती येते, सोबत डीडीआर३ रॅम. तिसरी आणि चौथी आवृत्ती २०११-३ मध्ये येते आणि डीडीआर४ मागते. पिनांची संख्या तीच, सॉकेट वेगळा. ३६४७ पिनांच्या सॉकेटचे पी० आणि पी१ असे दोन प्रकार आहेत. झिऑन स्केलेबल एकात, झिऑन फाय दुसऱ्यात. हीटसिंकचेही तसेच आहे. २०११ च्या बोर्डांवर चौरस आणि अरुंद अशा दोन मांडण्यांचे स्क्रू असतात, आणि सर्व्हरमधून काढलेला बोर्ड बहुधा अरुंद मांडणीचा निघतो. ॲपलच्या २००९ च्या दोन प्रोसेसरच्या मॅक प्रोमध्ये तर वरचे धातूचे झाकण नसलेले झिऑन होते. त्यात नेहमीचा झाकणवाला एक्स५६०० मालिकेतला प्रोसेसर घालायचा तर फर्मवेअर २०१० च्या मॉडेलचे करावे लागते, आणि झाकणाच्या जाडीमुळे हीटसिंकची उंचीही नव्याने जमवावी लागते. ती जमवताना एका बाजूने जास्त आवळले की सॉकेटच्या पिना गेल्या.

बायॉसच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक, किंवा खरे तर गैरसमज, 'बूट ब्लॉक'बद्दल होतो. एचपीचे झेड६०० आणि झेड८०० आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत. त्यांतल्या ज्या बोर्डांचा बूट ब्लॉक २००९ चा आहे ते झिऑन ५६०० मालिका चालवत नाहीत. २०१० चा असेल तर चालवतात. झेड६२० आणि झेड८२० मध्ये हीच गोष्ट पुन्हा घडली: २०११ चा बूट ब्लॉक ई५ ची दुसरी आवृत्ती घेत नाही, २०१३ चा घेतो. बायॉस कितीही नवा चढवला तरी ही तारीख बदलत नाही, कारण तो भाग नेहमीच्या अपडेटने लिहिलाच जात नाही. बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. म्हणून यंत्र चालू करून, बायॉसमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन' पानावर ती तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एपिकच्या पहिल्या पिढीच्या काही बोर्डांवर अशीच मर्यादा बायॉसच्या चिपच्या आकाराने येते: १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये दुसऱ्या पिढीचे बायॉस मावत नाही, ३२ मेगाबाइटची चिप लागते. सुपरमायक्रोच्या एच११डीएसआय बोर्डाच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत हाच फरक आहे.

एपिक घेताना आणखी एक धोका, आणि तो अधिक वाईट. या प्रोसेसरमध्ये सुरक्षेसाठी अशी सोय आहे की सर्व्हर बनवणारी कंपनी आपली डिजिटल सही प्रोसेसरच्या आत कायमची जाळून ठेवू शकते. त्यानंतर तो प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर सुरूच होत नाही. चिप धडधाकट असते, तपासणीत काही दिसत नाही, आणि तरी तुमच्या बोर्डावर ती निरुपयोगी. सुरक्षेचा हेतू मला मान्य आहे. पण चालता प्रोसेसर दुसऱ्या हाती गेल्यावर कचरा व्हावा, हे पटत नाही. विकणाऱ्याला तो कोणत्या यंत्रातून काढला हे विचारणे आणि परत घेण्याची लेखी हमी मागणे, एवढेच ग्राहकाच्या हातात उरते.

उरलेल्या बाबी भराभर. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच स्टेपिंगचे घ्यावेत; झाकणावर कोरलेला एस-स्पेक क्रमांक दोन्हींवर जुळतो का ते फोटोत पाहावे. ई५-२६७० च्या सी१ स्टेपिंगमध्ये व्हीटी-डी सदोष होते, सी२ मध्ये ते दुरुस्त झाले. व्हर्च्युअल मशीनला थेट ग्राफिक्स कार्ड द्यायचे असेल तर हा फरक निर्णायक आहे. झाकणावर मॉडेलच्या जागी 'कॉन्फिडेन्शियल' असे लिहिले असेल तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल, घेऊ नये. रॅम दोन्ही सॉकेटकडे सारखी विभागावी, नाहीतर एक प्रोसेसर प्रत्येक वेळी दुव्यावरून शेजाऱ्याकडे हात पसरत राहतो. रजिस्टर्ड आणि साधी रॅम एकत्र चालत नाही. दुसरा सॉकेट रिकामा असेल तर त्याला जोडलेले पीसीआय-ई स्लॉटही मृत असतात, हे अनेकांना ग्राफिक्स कार्ड लावल्यावरच कळते. विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो दोन. लिनक्सला ही अट नाही. एसएमपीएसला प्रोसेसरसाठी आठ पिनांच्या दोन स्वतंत्र केबल हव्यात. त्याऐवजी ग्राफिक्सची केबल कनव्हर्टरने फिरवून लावण्याचा मोह टाळावा.

आता ओव्हरक्लॉकिंग. खास ओव्हरक्लॉकिंगकरता बनवलेले दोन सॉकेटचे बोर्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. एएमडीने २००६ मध्ये क्वाड एफएक्स आणला. इंटेलने २००८ मध्ये स्कलट्रेल नावाने डी५४००एक्सएस हा बोर्ड आणला, त्यात ३.२ गिगाहर्ट्झचे, गुणक खुला असलेले दोन क्यूएक्स९७७५ बसत. त्याचे जवळजवळ सारख्या नावाचे भावंड क्यूएक्स९७७० मात्र ७७५ पिनांचे आणि एकट्याने चालणारे. २०१० मध्ये ईव्हीजीएचा एसआर-२ आला. माझ्या दृष्टीने या परंपरेचा कळस तोच: दोन एलजीए १३६६ सॉकेट, बारा रॅम स्लॉट, सात लांब पीसीआय-ई स्लॉट, आणि आकार इतका मोठा की नेहमीच्या कॅबिनेटमध्ये तो मावत नाही.

एसआर-२ वर हिशेब कसा चाले ते एक्स५६५० घेऊन पाहू. सहा कोअर, ९५ वॅट, मूळ घड्याळ १३३ मेगाहर्ट्झ, गुणक २०, वेग २.६६ गिगाहर्ट्झ. गुणक वर जात नाही, म्हणून मूळ घड्याळ वाढवायचे. समजा ते १८० केले. प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवर गेला. पण क्यूपीआयचा दुवाही त्याच घड्याळावर चालतो: गुणक २४ असताना तो मुळात ६.४ गिगाट्रान्सफरवर असतो, आणि १८० वर तो ८.६४ होतो. एवढे कोणताही दुवा मुकाट्याने सोसत नाही. म्हणून त्याचा गुणक १८ वर आणायचा, दुवा ६.४८ वर येतो, म्हणजे जवळजवळ मूळ जागी. रॅमचेही तेच. १० या गुणकावर १३३३ असलेली रॅम १८०० वर जाईल. गुणक ८ केला तर १४४०, आणि ६ केला तर १०८०. साध्या १३३३ च्या रॅमसाठी सुरुवात १०८० पासून करावी, प्रोसेसर स्थिर झाल्यावरच १४४० कडे पाहावे. बीपी६ ची शिस्त इथे हाताने पाळावी लागते: प्रोसेसर मर्यादेबाहेर, बाकी सगळे मर्यादेत. हे शक्य झाले कारण या पिढीत पीसीआय-ई चे १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ वेगळे होते.

यातून किती मिळाले, हे मात्र प्रामाणिकपणे मोजायला हवे. २.६६ वरून ३.६ म्हणजे ३५ टक्के वाढ दिसते. पण टर्बो चालू असताना हा प्रोसेसर स्वतःहून ३.०६ पर्यंत जातोच. त्याच्याशी तुलना केली तर लाभ १८ टक्क्यांच्या आत येतो. किंमत विजेत मोजावी लागते. प्रोसेसरची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.१५ वरून १.३० करावे लागले असे धरले, तर ९५ वॅटचे साधारण १६४ होतात. जोडीचे १९० चे ३२९. जास्तीचे १३९ वॅट रोज आठ तास म्हणजे दिवसाला एका युनिटहून अधिक, आणि ती सगळी उष्णता खोलीत. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ६५ अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूरच्या ४२ अंशांच्या खोलीत ८२ च्या आसपास जाईल. शिवाय बहुतेक सर्व्हर बोर्डांवर सॉकेट हवेच्या प्रवाहात एकामागे एक असतात. मागच्याला पुढच्याने तापवलेली हवा मिळते. जानेवारीत स्थिर केलेले सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासावेच लागते.

जोडीचा आणखी एक हिशेब आहे, तो संभाव्यतेचा. समजा एखाद्या मॉडेलचे शंभरातले सत्तर प्रोसेसर अमुक वेग गाठतात. कोणतेही दोन उचलले तर दोन्ही तो वेग गाठण्याची शक्यता ४९ टक्के. घड्याळ सामाईक, त्यामुळे जोडीचा वेग कमजोर प्रोसेसर ठरवतो. बीपी६ पासून चांगल्या बोर्डांनी दोन्ही सॉकेटचे व्होल्टेज स्वतंत्र ठेवले ते यासाठीच: कमजोराला थोडे जास्त द्यायचे, चांगल्याला विनाकारण तापवायचे नाही.

२०१२ मध्ये ईव्हीजीएने एसआर-२ चा वारस म्हणून एसआर-एक्स आणला, दोन एलजीए २०११ सॉकेटचा. बोर्ड भक्कम होता, पण खाली जमीन उरली नव्हती. ई५-२६०० मालिकेचा गुणक बंद, आणि मूळचे १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ आता पीसीआय-ई आणि चिपसेटच्या दुव्यालाही तेच पुरवणारे. ते १०५ पर्यंत नेले तरी ई५-२६७० चे २.६ चे २.७३ होतात, आणि तेवढ्यासाठी डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड सगळेच मर्यादेबाहेर नेलेले असतात. बीपी६ ची परिस्थिती नेमकी उलटी झाली. पुढे इंटेलने गुणक खुला ठेवलेले मोठे प्रोसेसर आणले, २०१९ मध्ये २८ कोअरचा झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स, २०२३ मध्ये ५६ कोअरचा डब्ल्यू९-३४९५एक्स. एएमडीने २०२० मध्ये थ्रेडरिपर ३९९०एक्समध्ये ६४ कोअर दिले. हे सगळे एकाच सॉकेटचे. ज्याला खूप कोअर आणि वाढवलेला वेग दोन्ही हवेत, त्याची वाट आता एका सॉकेटवरून जाते.

ई५ च्या तिसऱ्या आवृत्तीवर एक आडवाट निघाली, तिचा उल्लेख करायला हवा. बायॉसमधून प्रोसेसरचा मायक्रोकोड अपडेट काढून टाकला आणि सुरुवातीला एक छोटा ड्रायव्हर चालवला, की एक-दोन कोअरसाठी राखलेला सर्वोच्च टर्बो सगळ्या कोअरना मिळतो. काही स्वस्त चिनी एक्स९९ बोर्डांवर हा प्रकार बराच चालतो. वॅटची मर्यादा कायम राहते, त्यामुळे जड कामात वेग पुन्हा खाली येतोच. पण मायक्रोकोड गेला की २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टरसारख्या त्रुटींवरचे त्यातले उपायही जातात. घरच्या रेंडरिंगच्या यंत्रावर ज्याने त्याने ठरवावे. ज्या यंत्रावर ग्राहकांची माहिती आहे तिथे हे करणे मी चूक मानतो.

मग वेग कुठे शोधायचा? प्रोसेसरच्या यादीत. एकाच बोर्डावर, एकाच १३० वॅटमध्ये, ई५-२६६७ व्ही२ आठ कोअर ३.३ गिगाहर्ट्झवर देतो आणि ई५-२६९७ व्ही२ बारा कोअर २.७ वर. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाने दोन्ही जोड्या तोलता येतात. कामाचा २० टक्के भाग असा आहे की तो वाटताच येत नाही, असे धरू. १६ कोअरना एका कोअरच्या ४ पट काम जमते, २४ कोअरना ४.२९ पट. याला घड्याळाने गुणले तर पहिल्या जोडीचे १३.२ आणि दुसरीचे ११.६, कमी कोअरची जोडी जिंकते. वाटता न येणारा भाग २ टक्केच असेल, जसा तो थ्रीडी रेंडरिंगमध्ये असू शकतो, तर आकडे ४०.६ आणि ४४.४ होतात, आणि जास्त कोअरची जोडी पुढे जाते. कॅड, फोटो आणि टाइमलाइनवरचे एडिटिंग करणाऱ्याने पहिली घ्यावी, रात्रभर रेंडर लावणाऱ्याने दुसरी. टर्बोमुळे नेमके आकडे बदलतील, पण निर्णयाची दिशा बदलत नाही. १०० चे घड्याळ १०५ करून मिळणाऱ्या पाच टक्क्यांपेक्षा ही निवड किती तरी मोठी आहे, आणि तिच्यात काहीही जळत नाही.

जोडी बसवली, घड्याळ वाढवले किंवा तसेच ठेवले, तरी तपासणी एकाच पद्धतीने व्हायला हवी. आधी मेमटेस्ट रात्रभर, मग प्राइम९५ सारखा भार काही तास, तापमान दोन्ही सॉकेटचे वेगळे पाहत. यंत्र बंद पडले नाही एवढ्यावर समाधान मानू नये, कारण या बोर्डांत चुका लपवणाऱ्या दोन यंत्रणा असतात. ईसीसी रॅम एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते आणि पुढे जाते. सॉकेटमधला दुवा बिघडलेले पॅकेट ओळखून पुन्हा मागवतो. काम अडत नाही, फक्त मंदावते. वेग वाढवूनही रेंडरचा वेळ तेवढाच राहिला किंवा वाढला, तर संशय इथे घ्यावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाने आणि लिनक्सवर रासडेमनमध्ये अशा चुकांची नोंद होते. एकही दुरुस्त झालेली चूक दिसली तर वाढवलेले घड्याळ मागे घ्यावे. मूळ वेगावरही नोंदी येत राहिल्या, तर दोन्ही प्रोसेसरची जागा अदलाबदल करून पाहावी. एका सॉकेटच्या यंत्रात ही सोय नसते. चूक प्रोसेसरबरोबर दुसऱ्या सॉकेटकडे सरकली तर दोष प्रोसेसरचा. ती जागेवरच राहिली तर रॅमच्या पट्ट्याही तशाच अदलाबदल कराव्यात, आणि तरीही हलली नाही तर भिंग घेऊन त्या सॉकेटच्या पिना एकेक ओळ तिरप्या उजेडात पाहाव्यात.